लिंक्ड रिपीटरवर बोलायची पद्धत: पीटीटी दाबायच्या आधीपासून लिंक सोडेपर्यंत

हौशी रेडिओचं (हॅमचं) नवीन लायसन्स आलं, हँडी (हातात मावणारा रेडिओ) हातात आली आणि पहिल्यांदा मोठ्या लिंक्ड नेटवर्कवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या रिपीटरवर (आपला आवाज पकडून जोरात परत सोडणारी, उंचावरची स्टेशनं), आवाज टाकला की बहुतेक जण त्याच त्या चार-पाच गोष्टी चुकतात. लोकल रिपीटरवर वर्षानुवर्षं बोलणारे पण चुकतात, खरं तर तेच जास्त, कारण हात सवयीने चालतो. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, मधला टप्पा गाळून पुढं जाऊ नका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकीचे सगळे नियम त्यातूनच निघतात. साध्या रिपीटरवर तुम्ही पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबला की एक ट्रान्समीटर उठतो. लिंक्ड नेटवर्कवर तुम्ही जुळे सोलापुरातल्या गच्चीवरून पीटीटी दाबला की नेटवर्कला जोडलेले सगळेच्या सगळे ट्रान्समीटर उठतात, कुठला दोनशे किलोमीटरवर, कुठला पाचशेवर, आणि त्या प्रत्येक गावातली फ्रिक्वेन्सी तुमच्या त्या एका वाक्यासाठी अडून बसते. शिवाय हे सगळे एकाच क्षणी उठत नाहीत, थोडा थोडा वेळ लागतो. तर दोनच प्रश्न सतत विचारायचे, आत्ता माझ्यामुळं किती जण अडलेत, आणि माझा पहिला शब्द शेवटच्या रिपीटरपर्यंत पोचला का.

१. कागदावरची तयारी

रेडिओ चालू करायच्या आधी एक छोटं कार्ड करा आणि रेडिओपाशी चिकटवा. त्यावर तुम्हाला मिळणाऱ्या रिपीटरची फ्रिक्वेन्सी, ऑफसेट (रिपीटर ऐकतो आणि बोलतो त्या दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक; २ मीटर बँडवर बहुतेक ठिकाणी उणे ६०० किलोहर्ट्झ असतो, तरी खात्री करा), टोन (रिपीटर उघडायला आवाजासोबत जाणारा ठरलेला सूर), आणि नेटवर्क कुठल्या प्रकारचं आहे ते लिहा, म्हणजे इंटरनेटवरून जोडणारं इकोलिंक, आयआरएलपी, ऑलस्टार, डिजिटल पद्धतीचं डीएमआर की नुसतं रेडिओ लिंकने जोडलेलं. डीएमआर असेल तर कलर कोड (टोनसारखं काम करणारा आकडा), टाइमस्लॉट (एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन वाटांपैकी कुठली) आणि टॉकग्रुप (बोलण्याच्या गटाचा नंबर) पण.

मग रिपीटर सांभाळणाऱ्याला विचारून घ्या: लिंक २४ तास असते की फक्त नेटच्या (ठरलेल्या वेळी हवेवर भरणाऱ्या बैठकीच्या) वेळी? टाइम-आउट टायमर (सलग बोलणं लांबलं की ट्रान्समीटर बंद करणारा) किती मिनिटांचा? (बऱ्याच ठिकाणी ३ मिनिटं असतो, पण कमी पण असू शकतो.) डीटीएमएफ कमांड (कीपॅडवरचे आकडे दाबून दिलेले हुकूम) कुणीही द्यायच्या की फक्त कंट्रोल ऑपरेटरने (रिपीटरचा ताबा ज्याच्याकडं आहे त्याने)? लिंक तोडून नुसतं लोकल बोलायची सोय आहे का? हे विचारायला कुणी लाजू नये, सांभाळणाऱ्या माणसाला उलट बरं वाटतं.

तुमच्या लायसन्सच्या अटी पण एकदा शांतपणे वाचा. धंद्याचं बोलणं नाही, गाणी वाजवणं नाही, कॉलसाइन (लायसन्ससोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव) द्यायचीच, हे तर आहेच. इंटरनेटमधून आवाज जातोय म्हणून हौशी रेडिओचे नियम ढिले होत नाहीत.

*तपासणी: कार्ड बघून, रेडिओला हात न लावता, "माझा आवाज कुठून कुठं जाणार" हे तोंडी सांगता येतंय का? येत नसेल तर अजून विचारा.*

२. रेडिओ आणि आवाज, नेटवर्कच्या बाहेर तपासा

नेटवर्क आवाज सुधारत नाही. तुमची खरखर आहे तशी सगळीकडं पसरवतं. त्यामुळं तुमच्या जवळच्या रिपीटरला सिग्नल कसा पोचतो त्यावर सगळं अवलंबून आहे. आरसीसी घरात आतल्या खोलीत बसून ५ वॅटच्या हँडीवर, त्या छोट्या रबरी अँटेनावर प्रयत्न करायचा आणि मग "नेटवर्क खराब आहे" म्हणायचं, हे बंद करा. गच्चीवर जा, नाहीतर बाहेर एक साधी व्हर्टिकल (उभी) अँटेना लावा. आपला भाग बऱ्यापैकी सपाट आहे, अँटेना थोडी वर गेली की फरक लगेच कळतो.

सेटिंगमध्ये या गोष्टी बघाच:

व्हॉक्स (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट) बंद. हे सगळ्यात आधी. पूर्व भागात घराखाली नाहीतर शेजारी पॉवरलूम असतात, आपल्याला त्या खटखटीची इतकी सवय असते की कानाला जाणवतच नाही, पण माइकला जाणवते. व्हॉक्स चालू राहिला की लूमच्या आवाजावर रेडिओ आपोआप ट्रान्समिटला जातो, तुम्ही खाली चहा पीत बसलेले असता आणि इकडं सगळं नेटवर्क तुमच्या मागाची खटखट ऐकत असतं.

रॉजर बीप (पीटीटी सोडताना रेडिओ वाजवतो तो) बंद. स्वस्त हँडीत तो बऱ्याचदा चालू येतो. रिपीटरचा स्वतःचा कर्टसी टोन (एकाचं बोलणं संपलं की वाजणारा छोटा सूर) असतो, त्यावर तुमचा बीप चढला की ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो.

रेडिओमधला टाइम-आउट टायमर रिपीटरच्या टायमरपेक्षा कमी ठेवा. रिपीटरचा ३ मिनिटं असेल तर तुमचा २ ठेवा. गाडीच्या सीटमध्ये माइक अडकून पीटीटी दाबला गेला तर हाच वाचवतो.

माइक तोंडापासून चार-पाच बोटं लांब, थोडा तिरका, आणि नेहमीच्या आवाजात बोला. ओरडून लांब जात नाही, फक्त फाटतं.

आता टेस्ट. आवाजाची टेस्ट लाइव्ह नेटवर्कवर करायची नाही. इकोलिंकवर ९९९९ हा टेस्टचाच नोड (नेटवर्कवरचं एक टोक) आहे, तुम्ही बोललेलं तुम्हाला परत ऐकवतो. डीएमआरवर ब्रँडमायस्टरला (डीएमआरचं एक मोठं नेटवर्क) ९९९० वर पॅरट (तुमचंच बोलणं परत ऐकवणारा) आहे, तिथं प्रायव्हेट कॉल लावा. ग्रुप कॉलवर चुकून राहिलात तर तुमचं "हॅलो टेस्ट टेस्ट" भलतीकडंच जाईल. आणि नुसत्या अॅनालॉग रेडिओ लिंकचं नेटवर्क असेल तर सिंप्लेक्सवर (रिपीटर मधे न घेता, थेट) एखाद्या मित्राला ऐकायला सांगा.

*इशारा: नुसता पीटीटी दाबून सोडायचा आणि रिपीटर उठतोय का बघायचं, ही सवय लोकलवर पण वाईट आणि लिंकवर फारच वाईट. प्रत्येक टिचकीला सगळे ट्रान्समीटर उठतात आणि ऐकणाऱ्याला कोण ते कळत नाही. रिपीटर उठतोय का बघायचंय तर कॉलसाइन द्या आणि "टेस्ट" म्हणा, एवढंच.*

३. आधी ऐका, आणि नीट ऐका

पाच-दहा मिनिटं तरी ऐका. शांतता म्हणजे फ्रिक्वेन्सी रिकामी असं धरू नका. दुसऱ्या टोकाला दोघं जण बोलत असतात, त्यांच्यातला एक जण जरा विचार करत थांबलेला असतो, आणि तुम्ही मधेच घुसता. ऐकताना तीन गोष्टी शोधायच्या: लिंक आत्ता चालू आहे का (लांबच्या गावची कॉलसाइन ऐकू आली की कळतंच), नेट चालू आहे का, आणि बोलण्याची लय काय आहे, किती गॅप सोडतायत.

नेट चालू असेल तर नेट कंट्रोल (नेट चालवणारा) सांगेल तेव्हाच बोलायचं. नेट कंट्रोलने "फक्त अमुक रिपीटरचे स्टेशन" म्हटलं आणि तुम्ही दुसऱ्या रिपीटरवर आहात, तर थांबा. तो माणूस एकेका रिपीटरला वेळ देऊन यादी करत असतो, मधे एकाने तोंड घातलं की परत पहिल्यापासून.

४. पीटीटी दाबा, थांबा, मग बोला

सगळ्यात जास्त चुका इथं होतात म्हणून जरा सविस्तर.

तुम्ही पीटीटी दाबला. तुमच्या रिपीटरने आधी टोन ओळखला, मग रिसीव्हर उघडला. मग लिंक उठली, आवाज इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्याने निघाला, पलीकडच्या नोडने ते थोडे जमा केले, तिथला ट्रान्समीटर उठला, आणि तिथल्या ऐकणाऱ्याच्या रेडिओने परत टोन ओळखून स्पीकर उघडला. एवढ्या पायऱ्या आहेत. तुम्ही दाबता-दाबताच बोलायला लागलात तर "व्हीयू थ्री" ही कॉलसाइनची सुरुवात वाटेतच गळते आणि पलीकडं फक्त शेवटची दोन अक्षरं पोचतात. मग तो विचारतो "स्टेशन कॉलिंग, पुन्हा सांगा", तुम्ही पुन्हा तसंच दाबता-दाबता सांगता, आणि हे तीन-चारदा चालतं. मी हे इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या अक्षरावरूनच कळतं कोण घाई करतोय.

उपाय सोपा आहे. पीटीटी दाबा, मनात एकदा शांतपणे "राम कृष्ण हरी" म्हणा (किंवा तुमच्या जिभेवर जे असेल ते, तेवढ्याच लांबीचं), आणि मग बोला. सव्वा-दीड सेकंद होतो, बहुतेक नेटवर्कला पुरतो. फार मोठ्या, दोन-तीन सिस्टिम जोडून केलेल्या नेटवर्कवर दोनदा म्हणा.

हा झाला पुढचा गॅप. मागचा गॅप याहून महत्त्वाचा आणि तो कुणीच सोडत नाही. समोरच्याने बोलणं संपवलं की लगेच पीटीटी दाबायचा नाही, कर्टसी टोन येऊ द्यायचा, त्यानंतर दोन-तीन सेकंद थांबायचं. कारणं:

पहिलं, कुणाला तरी मधे यायचं असेल, त्याला हीच एक फट आहे, आणि तो लांबच्या रिपीटरवर असेल तर त्याला ती फट तुमच्यापेक्षा उशिरा दिसते. तुम्ही अर्धा सेकंद सोडलात तर त्याच्या टोकाला शून्य उरतो.

दुसरं, काही ठिकाणी लिंकचा नोड सिंप्लेक्स असतो. तो ट्रान्समिट करत असताना तिथल्या माणसाला ऐकूच शकत नाही, तो माणूस कितीही ओरडला तरी. दोघं जण गॅप न सोडता अर्धा तास बोलले तर ते अख्खं गाव अर्धा तास मुकं होतं.

तिसरं, बऱ्याच सिस्टिममध्ये कर्टसी टोन आला की टायमर शून्यावर येतो. त्याआधी दाबलात तर मागच्याचा टायमर तुमच्या डोक्यावर चालू राहतो आणि तुम्ही तीस सेकंदच बोललात तरी रिपीटर कट होतो, मग लोक म्हणतात रिपीटर बिघडला.

*तपासणी: स्वतःचं एक बोलणं रेकॉर्ड करून ऐका. दोन ओव्हरच्या (बोलण्याच्या पाळ्यांच्या) मधे तिसरा माणूस आपली कॉलसाइन पूर्ण बोलू शकेल एवढी जागा आहे का?*

*इशारा: रेडिओवर बोलताना शेजारी मोबाईलवर तेच नेटवर्क इकोलिंकमध्ये उघडं ठेवू नका. तुमचाच आवाज उशिरा परत येतो, माइकमध्ये शिरतो, घुमायला लागतो, आणि स्वतःचा उशिराचा आवाज कानावर पडला की जीभ अडखळते.*

५. कॉल कसा द्यायचा

रिपीटरवर "सीक्यू सीक्यू" ("कुणी आहे का" अशी हाक) लांबण लावायची गरज नसते. "व्हीयू थ्री अमुक तमुक, सोलापूरहून, ऐकतोय" एवढं बास. कॉलसाइन फोनेटिकमध्ये (अक्षराऐवजी अल्फा, ब्राव्हो असे शब्द), सावकाश. गावाचं नाव पहिल्याच वाक्यात घ्या, कारण पलीकडच्याला तुम्ही कुठल्या रिपीटरवरून येताय हे दिसत नाही. आणि गाव म्हणजे गाव-जिल्हा. "सात रस्त्याजवळ आहे" हे हैदराबादच्या माणसाला काहीच सांगत नाही.

उत्तर नाही आलं तर मिनिटभर थांबून परत एकदा. त्यानंतर सोडून द्या, ऐकत राहा. दर वीस सेकंदाला हाक मारू नका.

विशिष्ट माणसाला बोलवायचंय तर आधी त्याची कॉलसाइन, मग तुमची. तो उत्तरला की दोघांचं ठरवून मोकळ्या जागी जा.

भाषेचं एक सांगतो. आपल्याकडं एका वाक्यात मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी सगळं येतं, गल्लीतच तशी सवय आहे. दोघांचं बोलणं आपसात कुठल्याही भाषेत चालू दे, पण पहिला कॉल आणि कॉलसाइन सगळ्यांना कळेल अशीच, आणि तिसरा माणूस आला की त्याला येते त्या भाषेत वळा. तो बिचारा नुसता ऐकत बसला तर लिंक असून उपयोग काय.

६. बोलणं चालू असताना

एक ओव्हर तीस-चाळीस सेकंद, फार तर मिनिट. सगळं एका दमात सांगायचं नाही. कॉलसाइन सुरुवातीला, शेवटी, आणि लांबलं तर मधे दर दहा मिनिटांनी.

सिग्नल रिपोर्टचा एक मोठा घोळ असतो. लांबच्या माणसाने "फाइव्ह नाइन" (सगळ्यात चांगला रिपोर्ट) दिला म्हणजे तुमचा सिग्नल छान आहे असं अजिबात नाही. त्याला त्याच्या गावचा रिपीटर फाइव्ह नाइन येतोय, तुमचा सिग्नल त्याने पाहिलेलाच नाही. त्याला विचारायचं ते आवाजाबद्दल: मागं खरखर आहे का, शब्द तुटतायत का, आवाज फाटतोय का. सिग्नल किती येतो हे विचारायचं असेल तर तुमच्या रिपीटरच्या इनपुटवर (रिपीटर ऐकतो त्या फ्रिक्वेन्सीवर) थेट ऐकणाऱ्याला विचारा. डीएमआरमध्ये आवाज रोबोटसारखा होऊन तुटत असेल तर दोष बहुतेक वेळा तुमच्याकडच्या सिग्नलचाच असतो, तेव्हा खिडकीत या.

दोघंही सोलापुरातच आहात असं कळलं तर लगेच सिंप्लेक्सवर जा. दोघांच्या गच्चीवर साधी व्हर्टिकल असेल तर शहरातल्या शहरात सहज होतं. होटगी रोडवरचा आणि बाळ्याचा माणूस हुरड्याला कुणाच्या शेतात जायचं ते ठरवतायत आणि त्यासाठी चार जिल्ह्यांतले ट्रान्समीटर तापतायत, असं नको. सकाळ-संध्याकाळ लोक गाडीत असतात, त्या वेळी तर गप्पा आखडत्याच घ्या.

गाडीत असाल तर वेगळी काळजी. पुणे हायवेने मोहोळकडं निघालात, एका रिपीटरचा पट्टा संपत आला, पुढं त्याच नेटवर्कचा दुसरा रिपीटर मिळणार असेल, तर आवाज तुटायच्या आधीच सांगा "रिपीटर बदलतोय, अर्धं मिनिट द्या", फ्रिक्वेन्सी बदला, ऐका, मग "परत आलो" म्हणा. लोक न सांगता गायब होतात आणि बाकीचे पाच मिनिटं त्यांना हाका मारत बसतात.

मधे कुणी घाणेरडं बोललं, शिट्ट्या मारल्या, कॅरियर लावून ठेवला (न बोलता पीटीटी दाबून धरला) तर उत्तर देऊ नका. एक शब्दही नको. तुमचं उत्तर पण सगळ्या रिपीटरवर जातं आणि त्याला तेच हवं असतं. वेळ लिहून ठेवा, कंट्रोल ऑपरेटरला फोनवर कळवा.

७. ब्रेक आणि इमर्जन्सी

साधं मधे यायचं असेल तर गॅपमध्ये फक्त कॉलसाइन द्या. "ब्रेक ब्रेक" हे शब्द अडचणीसाठी राखून ठेवा, हसत-खेळत वापरले की खऱ्या वेळी कुणी थांबत नाही.

खरी अडचण असेल आणि मोबाईलला रेंज असेल तर आधी ११२ लावा. रेंज नसेल तर: "ब्रेक ब्रेक, इमर्जन्सी", कॉलसाइन, थांबा. कुणी उत्तर दिलं की क्रमाने सांगा: कुठं (राज्य, जिल्हा, रस्ता, कुठल्या दोन गावांच्या मधे, कुठल्या बाजूची लेन), काय झालंय, किती जखमी, काय हवंय. "महाराष्ट्र, सोलापूर जिल्हा, सोलापूर–पुणे हायवे, सोलापूर आणि मोहोळच्या मधे, पुण्याकडं जाणारी लेन, दोन गाड्यांची धडक, तिघं जखमी, अँब्युलन्स हवी." नाव-गाव-कहाणी नंतर.

ऐकणाऱ्यांनी काय करायचं हे तितकंच महत्त्वाचं. एकानेच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं, मदत करायची इच्छा असली तरी. उत्तर देणाऱ्याने कागदावर लिहायचं आणि वाचून दाखवायचं. आणि लिंक्ड नेटवर्कवरची खास गोष्ट ही की ११२ चा फोन ज्या राज्यातून लावाल त्या राज्याच्या कंट्रोल रूमला जातो. अपघात मोहोळजवळ आणि फोन लावणारा तेलंगणात असेल तर वेळ वाया जातो. म्हणून पहिल्यांदा उत्तर देणारा लांबचा असेल तर त्याने माहिती नीट घेऊन लगेच विचारावं, "महाराष्ट्रातलं कुणी आहे का, फोन लावा". लावणाऱ्याने "फोन लागला, अमुक वाजता सांगितलं" असं परत येऊन सांगायचं. हे न सांगितल्यामुळं तिघं-तिघं फोन करतात किंवा कुणीच करत नाही.

*तपासणी: कंट्रोल ऑपरेटरचा नंबर आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर मोबाईलमध्ये आणि त्या कार्डावर, दोन्हीकडं आहे का?*

८. लिंक तुम्ही स्वतः जोडणार असाल तर

हा टप्पा फक्त ज्यांना परवानगी आहे आणि ज्यांचा स्वतःचा नोड किंवा हॉटस्पॉट (इंटरनेटला जोडलेला घरचा छोटा नोड) आहे त्यांच्यासाठी.

डीटीएमएफ द्यायच्या आधी बोलून सांगा: "व्हीयू टू अमुक, अमुक नोड जोडतोय". मुकाट आकडे दाबू नका. जोडल्यावर लगेच बोलू नका, पलीकडं काहीतरी चालू असणारच, आधी ऐका. काम झालं की लिंक तोडा, उघडी ठेवून जेवायला जाऊ नका.

लूप होऊ देऊ नका. रिपीटर आधीच एका नेटवर्कला जोडलेला आहे आणि तुम्ही तुमच्या नोडवरून त्याच नेटवर्कला परत जोडून तो नोड त्याच फ्रिक्वेन्सीवर आणला, तर एकच आवाज गोल गोल फिरत राहतो आणि सगळे रिपीटर टायमर संपेपर्यंत अडकतात. जोडण्याआधी कोण कुणाला जोडलंय ते स्टेटस बघायची सवय लावा.

डीएमआरच्या रिपीटरवर दुसऱ्या टॉकग्रुपवर पीटीटी दाबला की तो टॉकग्रुप तुमच्या रिपीटरवर ओढला जातो आणि काही वेळ तिथंच राहतो. जागतिक ९१ नंबर ओढून ठेवलात तर तो टाइमस्लॉट तेवढा वेळ परदेशी गप्पांनी भरतो आणि गावातल्या माणसाला जागा मिळत नाही. ब्रँडमायस्टरवर काम झालं की ४००० वर कॉल देऊन सोडवा.

हॉटस्पॉट लावताना फ्रिक्वेन्सी नीट निवडा. आपल्याला ७० सेंटिमीटर बँडमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे, त्यातला ४३५ च्या पुढचा भाग सॅटेलाइटसाठी वापरतात, तर तिथं बसू नका, ४३४ ते ४३५ मध्ये राहा. आणि हॉटस्पॉटचा बिट एरर (डिजिटल सिग्नलमधल्या चुकांचं प्रमाण) बघा, दोन टक्क्यांच्या वर असेल तर ऑफसेट (इथं फ्रिक्वेन्सीची बारीक दुरुस्ती) जुळवल्याशिवाय नेटवर्कवर बोलू नका.

९. निघताना

"सेव्हंटी थ्री" (निरोपाच्या शुभेच्छा) एकदाच. तीन-चार वेळा निरोप, मग "हो अजून एक राहिलं", मग परत निरोप, यात पाच मिनिटं जातात. शेवटची कॉलसाइन द्या, "क्लिअर" म्हणायचंय की "ऐकत राहतोय" ते सांगा म्हणजे कुणी उगाच हाक मारणार नाही. लॉगमध्ये (नोंदवहीत) वेळ, स्टेशन आणि कुठल्या रिपीटरवरून झालं ते लिहा. तुम्ही जोडलेली लिंक असेल तर तोडा आणि तुटल्याची घोषणा ऐकूनच रेडिओ बंद करा. आणि हँडी बॅगेत टाकताना की-लॉक लावा, बॅगेतल्या डब्याने पीटीटी दाबला जातो.